‘इमानेइतबारे’: सनदेतला हा शब्द नेमकं काय सांगतो?

प्रश्न थोडक्यात असा: घरात पेशवाईतली एक मोडी सनद सापडली आहे. तिच्यात पूर्वजांनी ‘एकनिष्ठपणे इमानेइतबारे वर्तोन’ सेवा करावी असं वाचता येतं. हा शब्द आला कुठून, तो सलग लिहायचा की तोडून, आणि ‘इमानी कुत्रा’ म्हणतो त्यातलं इमान हेच का? इमान म्हणजे तर इस्लाममधली धर्मश्रद्धा, मग ती पुण्याच्या ब्राह्मण पेशव्यांच्या कागदात कशी शिरली? आणि यावरून आपले पूर्वज विशेष स्वामिनिष्ठ होते असं म्हणता येईल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण बहुतेकांना खरं तेच हवं असतं. नाही म्हणता येणार. मोडी कागद वाचण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. सरदारांना, देशमुखांना, किल्ल्यावरच्या नाईकवाड्यांना दिलेल्या कागदांत हे शब्द इतक्या वेळा भेटतात, की कारकुनाचा बोरू तिथे आपोआप वळत असणार. ज्याला हे लिहून दिलं तो दोन वर्षांनी शत्रूच्या छावणीत सापडतो आणि चार वर्षांनी परत आल्यावर त्याला पुन्हा हेच शब्द लिहून मिळतात. तरीही शब्द पोकळ नाही. त्याच्या पोटात बरंच काही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्युत्पत्ती. ‘इमान’ अरबी. त्याचा मूळ धातू अ-म-न, अर्थ निर्धास्त असणं, सुरक्षित असणं, भरवसा असणं. त्यातूनच ‘अमन’, त्यातूनच ‘अमीन’ म्हणजे ज्याच्यावर भरवसा टाकावा तो अधिकारी, आणि त्यातूनच ‘अमानत’. या अमानतचे वर्ण मराठीत उलटेसुलटे होऊन ‘अनामत’ झालं. घरमालकाकडे आपण अनामत रक्कम ठेवतो तेव्हा इमानाच्याच कुळातला शब्द वापरतो. ख्रिस्ती प्रार्थनेच्या शेवटचं ‘आमेन’ हिब्रूतून आलेलं, पण तेही याच सेमिटिक धातूचं. ‘इतबार’सुद्धा अरबी. त्याचा धातू ‘पार करणे, ओलांडणे’ या अर्थाचा. त्यावरून विचारात घेणं, जमेस धरणं, आणि फारसीत येईपर्यंत पत, विश्वास. दस्ताच्या मजकुराला जुने लोक ‘इबारत’ म्हणत तो आणि आपली ‘इभ्रत’, दोघेही याच घरातले.

दोन जवळजवळ एकाच अर्थाचे शब्द जोडीने वापरण्याची खोड फारसी दरबारी लेखनाची. आपल्या खरेदीखतांत अजूनही ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ असं लिहून देतात, ती त्याच वळणाची खूण. पण ‘इमानेइतबारे’मध्ये एक गंमत आहे. शब्द दोन्ही अरबी, आले फारसीच्या हाताने, आणि प्रत्यय मात्र अस्सल मराठी: इमानें, इतबारें, तृतीया विभक्ती. लिंगही आपण आपल्या मर्जीने लावलं. हिंदी-उर्दूत ईमान पुल्लिंगी. आपल्याकडे ‘त्याचं इमान’, नपुंसकलिंगी. परका शब्द इतका मुरला, की तो मराठी व्याकरणाची चाकरी करू लागला.

तो सनदेत कसा आला, यात गूढ काही नाही. बहमनी आणि त्यानंतरच्या शाह्यांमध्ये दरबाराची भाषा फारसी, तरी गावपातळीवरचा कारभार मराठीत चाले आणि तो लिहिणारे कारकून मराठीच होते. त्यांच्या बोरूतून ही शब्दावळ घरोघर पोचली. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘अर्जदस्त’ नावाचं भारूड याच दफ्तरी भाषेत रचलं. श्रोत्यांना ती कळत होती म्हणूनच ना! शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले आणि पुढे मराठी पत्रांतली फारसी ओसरली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांची एकेक पत्रं घेऊन शब्द मोजले होते. पहिल्यात शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास शब्द फारसी निघाले, शेवटच्यात सहा-सात. तीन पत्रांवरून पूर्ण भाषेचा हिशेब मांडणं मला धाडसाचं वाटतं, पण कल कोणीकडे होता याबद्दल वाद नाही. आपल्याला महत्त्वाचं ते हे: अधिकाऱ्यांची नावं बदलली, पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, सरनोबताचा सेनापती झाला, इमान आणि इतबार मात्र जागचे हलले नाहीत. संस्कृतातून ‘एकनिष्ठ’ शेजारी येऊन बसला, पण इमानाला उठवू शकला नाही. तुमच्या सनदेत दोन्ही एका ओळीत नांदतायत ते त्यामुळेच.

आता धर्माचा मुद्दा. अरबीत ईमान म्हणजे ईश्वरावरची श्रद्धा, हे खरं. फारसी दरबारांत त्याचा व्यवहारातला अर्थही रूढ झाला होता: दिलेल्या शब्दाला जागणं, सचोटी. मराठीने हा दुसरा अर्थ उचलला आणि पहिला जवळजवळ सोडून दिला. यात आपलं वेगळेपण नाही. युरोपातल्या सरंजामी व्यवस्थेत मांडलिक आपल्या धन्याला जी निष्ठेची शपथ देई, तिचं लॅटिन नाव ‘फिडेलिटास’. ते ‘फिडेस’वरून आलं आणि ख्रिस्ती धर्मातली श्रद्धाही ‘फिडेस’च. देवाशी जोडलेला शब्द धन्याकडे गेला, तिथेही आणि इथेही. आपल्याकडे उलट दिशेचा प्रवासही झालाय, तो मला जास्त मोहवतो. तुकाराम महाराजांचे पाइकीचे अभंग बघा. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. धन्यासाठी जीव द्यायचा ही त्याची चाकरी. तुकोबांनी तीच शिपाईगिरीची भाषा उचलून विठ्ठलाच्या दाराशी नेली. एकाच मुलखात एकाच सुमाराला श्रद्धेचा शब्द चाकरीत येत होता आणि चाकरीचा शब्द श्रद्धेत जात होता.

आता मुख्य गोष्ट. सनदेतलं इमान ही मनातली भावना म्हणून वाचू नका. ती करारातली अट आहे, आणि करार दोन्ही बाजूंचा आहे.

यासाठी ‘बेलभंडार’ कळला पाहिजे. बेलाचं पान शंकराचं, भंडारा म्हणजे हळदीची पूड खंडोबाची. हे हातात घेऊन केलेली क्रिया, म्हणजे शपथ, मोडणं हे महापाप. समोरचा मुसलमान असेल तर कुराण. आपल्याला वाटतं, शपथ चाकराने घ्यायची. कागदांत मात्र वरचा माणूसही ती देताना दिसतो. कुणी सरदार रुसून बसलाय, किंवा शत्रूकडे गेलाय आणि परत यायला भितोय. त्याला कौल जातो, अभयपत्र जातं, सोबत बेलभंडार जातो. अर्थ असा, की तू ये, तुझ्या जिवाला आणि वतनाला, म्हणजे पिढीजात हक्काला, धक्का लावणार नाही, ही आमची शपथ. तो आला की त्याने इमानेइतबारे राहायचं. धन्याने कौल मोडला तर चाकराचं इमानही सुटलं, असंच त्या काळचे लोक धरून चालत. धातूचा मूळ अर्थ इथे हुबेहूब लागू पडतो. निर्धास्तपणा दिल्याशिवाय इमान मिळत नाही.

यातली सगळ्यात ठळक गोष्ट १६५९ ची, रोहिडखोऱ्यातली. अफजलखान निघाला, विजापूरहून मावळच्या देशमुखांना फर्मानं गेली: खानाला सामील व्हा. नाही म्हणणाऱ्याचं वतन जाणार हे उघड होतं. कारीचे कान्होजी जेधे ते फर्मान आणि आपले पाच मुलगे घेऊन महाराजांकडे आले. जेधे करीन्यात, म्हणजे त्या घराण्याच्या जुन्या हकिकतीत, प्रसंग आहे, की महाराजांनीच त्यांच्यापुढे वतनाचा प्रश्न ठेवला: आमच्याकडे राहिलात तर वतनाचं काय? कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं. ‘पाणी सोडणे’ आज आपण कशालाही म्हणतो, सुट्टीवरही पाणी सोडतो. तिथे तो विधी होता. दानाच्या संकल्पात उदक हातावरून सोडलं की वस्तूवरचा आपला हक्क संपतो. पिढ्यान्‌पिढ्यांची देशमुखी एका ओंजळीत सोडून देणं किती मोठं होतं, हे वतनाच्या तंट्यांचे कागद वाचले की कळतं. एका पाटीलकीच्या निम्म्या हिश्श्यासाठी तीन-तीन पिढ्या गोतसभांचे उंबरे झिजवणारी ही माणसं!

त्याच खोऱ्यातले उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. पुढे पकडले गेले, कान्होजींनी रदबदली केली म्हणून जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला. आपण ही गोष्ट इमानी विरुद्ध बेइमान अशी सांगतो. विजापूरच्या दफ्तरात बसलेल्या कारकुनाच्या बाजूने बघा, म्हणजे खोपडे इमानदार आणि जेधे हरामखोर. फर्मान बादशहाचं, वतन बादशाही सनदेचं. खोपड्यांनी जुन्या कराराचं इमान राखलं, जेध्यांनी नवा करार केला. इमान कोणाशी, हा प्रश्न सोडवल्याशिवाय इमान शब्दाला अर्थ येत नाही. याचा अर्थ दोन्ही बाजू सारख्याच होत्या असा नव्हे. कान्होजींनी जे सोडलं ते सोडून यायला छाती लागते. खोपड्यांना घरचंच राखायचं होतं.

हा तिढा महाराज स्वतः ओळखून होते. १६७७ साली कुतुबशाहीशी सख्य केल्यावर त्यांनी मुधोळच्या मालोजी घोरपड्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. घोरपडे विजापूरचे पिढीजात सरदार, त्यांचं भोसल्यांशी जुनं वैर. महाराज त्यांना सांगतात, की विजापूर आता पठाणाच्या हाती गेलंय, जुनं विसरा आणि इकडे या. दक्षिणची पातशाही आम्हा दक्षिण्यांच्याच हाती राहिली पाहिजे. इमान मोडा असं ते म्हणत नाहीत. ज्याचं इमान तुम्ही धरून बसलात तो धनीच आता उरला नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. एवढं मुरब्बी राजकीय पत्र मराठीत दुसरं क्वचितच असेल.

महाराजांनी कारभार मात्र लोकांच्या इमानावर सोडला नाही. सैन्याला शक्यतो रोख पगार. मुलूख तोडून देणं टाळायचं. किल्ल्यावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे तिघे अधिकारी, तिघे वेगवेगळ्या जातींचे, म्हणजे एकाने फितूर व्हायचं म्हटलं तरी दुसरे दोघे आड यावेत. स्वारीत बारगीर सरकारी घोड्यावर, शिलेदार स्वतःच्या, भर बारगिरांवर. घोडा सरकारचा असला की माणूसही सरकारचा राहण्याची शक्यता वाढते, इतका साधा हिशेब. त्यांच्या पश्चात, राजाराम महाराजांच्या जिंजीच्या काळात, खजिन्यात पैसा नव्हता आणि औरंगजेब समोर उभा होता. मग मुलूखच तोडून द्यायची वचनं द्यावी लागली. ‘सरंजाम’ मूळ फारसी. आपल्याकडे त्याचा अर्थ साहित्य, तजवीज. फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल म्हणजे सरंजाम, आणि त्यावरूनच पुढे ‘सरंजामशाही’. त्या धामधुमीत अनेक देशमुख मोगलांकडूनही सनद घेत आणि इकडूनही. दोन्ही कागदांत भाषा निष्ठेचीच. रामचंद्रपंत अमात्यांनी हे सगळं जवळून पाहिलं होतं. १७१५-१६ च्या सुमाराला आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथात त्यांनी वतनदारांना ‘राज्याचे दायाद’ म्हटलं. दायाद म्हणजे भाऊबंद, वाटेकरी. भाऊबंदांच्या निष्ठेबद्दल मराठी माणसाला आणखी काय समजावून सांगायचं!

सरकारलाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून इमानाच्या जोडीला जामीन असे. हजीर जामीन म्हणजे माणूस बोलावल्यावर हजर करण्याची हमी, फैल जामीन म्हणजे तो वर्तणूक नीट ठेवील याची हमी. इमानेइतबारे वागेन असं लिहून देणाऱ्याच्या कागदाखाली दुसऱ्या कुणीतरी त्याची फैल जामिनी घेतलेली असते. शब्दाची किंमत कारकुनाला आपल्यापेक्षा चांगली कळत होती.

निष्ठेचा दिखावा बघायचा असेल तर शिक्के बघा. ‘अमुकचरणी तत्पर, अमुकसुत अमुक निरंतर’ हा सर्वसाधारण साचा. चरण कोणाचे, इथे सगळी मेख. होळकरांच्या शिक्क्यात ‘म्हाळसाकांतचरणी तत्पर’ येतं, म्हणजे खंडोबाच्या. देवाच्या चरणी असलं की माणसाच्या बाबतीत हात मोकळे. कान्होजी आंग्रे आधी ताराबाईंच्या पक्षाला, बाळाजी विश्वनाथांनी समेट घडवल्यावर शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांची मुद्रा शाहूंच्या प्रीतीचा उल्लेख करते, आणि समुद्रावर हुकूम मात्र त्यांचा स्वतःचा. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचं नाव आधी, ‘नरपति हर्षनिधान’, मग आपलं. साताऱ्याच्या गादीकडे खरी सत्ता उरली नव्हती तेव्हाही नव्या पेशव्याला प्रधानपदाची वस्त्रं साताऱ्याहूनच आणावी लागत. १७९२ साली महादजी शिंदे पुण्याला आले. दिल्लीचा बादशहा त्यांच्या मुठीत, दिमतीला डी बॉयन या युरोपीय सेनानीने उभी केलेली कवायती फौज. आणि सवाई माधवरावांपुढे त्यांनी बगलेतल्या बासनातून जोडे काढले, आमचं मूळचं काम हेच, म्हणून. जुने इतिहासकार हा प्रसंग रंगवून सांगतात. पाटीलबावांना, म्हणजे महादजींना, लोटांगण आणि तलवार या दोन्हींचा उपयोग सारखाच कळत असे.

याच्याशी जवळचा पण वेगळा शब्द मिठाचा. फारसी ‘नमक’, आपल्या बखरींतला ‘निमक’, त्यावरून निमकहराम आणि निमकहलाल. इमान शपथेने बांधलं जातं, मीठ नुसतं खाल्ल्याने. म्हणून मिठाचा आरोप जास्त झोंबतो. इमानाबद्दल कौल कोणी आधी मोडला याचा वाद घालता येतो. खाल्लेलं मीठ नाकारता येत नाही. मुर्शिदाबादला, प्लासीच्या लढाईत आपल्या नवाबाला दगा देणाऱ्या मीर जाफरच्या वाड्याला लोक आजही ‘नमकहराम देवडी’ म्हणतात. मराठीने यावर आपली म्हण केली, ‘खाल्ल्या मिठाला जागणे’, आणि लगेच तिची टवाळीही: ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’. जोडीतल्या ‘हलालखोर’चं नशीब तर विचित्र निघालं. कष्टाचं, हक्काचं खाणारा असा त्याचा अर्थ. तो मैला साफ करणाऱ्यांना लावला गेला आणि मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातही तसाच गेला. राजवाड्यात हरामखोर, गटारात हलालखोर, अशी विभागणी इंग्रजी कायद्याने छापून ठेवली.

‘इमानी कुत्रा’ असंही तुम्ही विचारलंय. तो अर्थ या कागदांत मला कधी भेटला नाही. मालक काहीही करो, मी सोडून जाणार नाही, असलं एकतर्फी इमान सनदेच्या भाषेत बसतच नाही. कुत्र्याला कोणी कौल देत नाही. रायगडावरचं वाघ्याचं शिल्प १९३६ च्या सुमाराचं आहे आणि समकालीन कागदात वाघ्या नाही. वतनं गेली, सरंजाम गेले, धनी-चाकराचा करारच उरला नाही, तेव्हा शब्द मोकळा झाला. त्याचा एक हिस्सा कुत्र्याकडे गेला, दुसरा पैशाच्या सचोटीकडे: प्रवाशाची पिशवी परत करणारा रिक्षावाला वर्तमानपत्रात ‘इमानदार’ ठरतो. ‘इमानेइतबारे’ हा जोडशब्द सेवानिवृत्तीच्या सत्कारात उरलाय. राजकीय पक्षांनी ‘निष्ठावंत’ घेतला. त्यात मात्र जुनं इमान अजून ओळखू येतं. तिकीटवाटपाच्या आठवड्यात तर फारच.

राहिली तुमची सनद. ‘इमानेइतबारे’ सलग लिहायचं की तोडून, असंही विचारलंय. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगत जातात, शब्द तोडतच नाहीत, त्यामुळे मूळ कागद याचं उत्तर देणार नाही. आज सलग लिहावं. पूर्वजांबद्दल काही कळून घ्यायचं असेल तर या ओळीवरून पुढे सरका. सुरुवातीला काळ असेल, ‘इहिदे सबैन मया व अलफ’ अशासारखा. अरबी अंकशब्दांतलं हे शुहूर सन, या उदाहरणात ११७१, म्हणजे इसवी १७७०-७१. त्यावरून पेशवा कोण ते ठरेल. मग सेवा कोणती सांगितली आहे ते बघा, किती स्वार किंवा किती माणसं बाळगायची, आणि त्याबद्दल कोणत्या गावांवर किती रुपये लावून दिलेत. ‘पेशजीप्रमाणे’ असं आलं तर आधीची सनद होती. ‘नूतन’ आलं तर पहिलीच. ‘फिरोन’ किंवा ‘मागती’ येऊन वतन परत दिल्याचा मजकूर असेल तर मध्ये ते जप्त झालं होतं, आणि का झालं याचा कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात निघू शकतो. तिथे जाताना गावाचं नाव, त्या वेळचा परगणा आणि हे साल एवढं जवळ असू द्या. शेवटी ‘लेखनसीमा’ची मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा छोटा शिक्का, असेल तिचाही स्वच्छ फोटो काढा. पाठीमागची बाजू विसरू नका. दफ्तरात नोंद झाल्याचे शेरे बहुधा तिथेच असतात, आणि लोक नेमका तिचाच फोटो काढत नाहीत.